भिंतीवरची भाडेकरीण

तोर्रे आन्नुन्झियाता
३ मार्च १९७२

प्रिय बाई,

मागच्या ऑक्टोबरात आमच्या शेतात जमिनीखाली सापडलेल्या त्या रोमन खोलीत उभ्या राहून तुम्ही बाबांना शब्द दिलात, की ही भिंत इथून हलणार नाही. तेव्हा तो शब्द खरा होता का? रावेन्नाहून परतल्यापासून मी स्वतःला हेच विचारते आहे आणि मला उत्तर सापडत नाही. खरा असेल, तर मधे काय झालं ते कळत नाही. खोटा असेल, तर तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसून मी इतकी वर्षं काय शिकले, ते कळत नाही.

मी शनिवारी आले. माझा भाऊ कातेल्लो स्टेशनवर तीनचाकी घेऊन आला होता. एरवी तो घरापर्यंत तोंड बंद ठेवत नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाला, "मोझेकचं शिक्षण कसं झालं?" आणि उत्तर ऐकायच्या आत गाडी सुरू केली. घरी आईने शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या वालांचा पास्ता पुढ्यात ठेवला आणि समोर बसून राहिली. मी विचारलं, "बाबा कुठे आहेत?" ती म्हणाली, "आधी जेव." तेव्हाच मला समजायला हवं होतं.

बाबा काचघरात कार्नेशनच्या कळ्या खुडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. मी खोलीत उतरले. बाई, वास आधी आला. सरसाचा. खाटकाच्या दुकानामागे येतो तसा. मग भिंत दिसली. तांबडा रंग गेलेला, चौकट गेलेली, तिच्यात चितारलेली ती गेलेली.

मी वर येऊन बाबांसमोर उभी राहिले.

"मला वाटलं, मलमपट्टी करतायत," बाबा म्हणाले. "तुझ्या बाई म्हणाल्या, सावेरियो, भिंतीला जपायला हवं. कापड लावू, सरस लावू, वाळू देऊ. मी म्हटलं, बरं. सरस मीच गरम केला. तुझ्या आईच्या टोमॅटोच्या पातेल्यात."

"मग?"

"मग वाळला. त्यांच्या माणसांनी खालच्या कोपऱ्यातून कापड सोडवलं आणि वर ओढत नेलं. आपण सशाचं कातडं काढतो ना, तसं. सगळी निघून आली. आणि शिडी कोणी धरली होती? मी."

"मला का नाही कळवलंत? बारमधून फोन करता आला असता."

"बाई म्हणाल्या, पोरीला सुखद धक्का द्यायचाय, तिच्या अभ्यासात अडथळा नको." मग त्यांनी कात्री पुसली. "तुझ्या बाई होत्या, लिबेरा. मी काय त्यांची झडती घ्यायची होती?"

रावेन्नाचा अभ्यासक्रम तुम्ही मला बक्षीस म्हणून दिला होतात. मी तुम्हाला तिथून आभाराची दोन पत्रं पाठवली. ती पोचली तेव्हा तुम्ही आमच्याच शेतात होतात का?

माझा काही गैरसमज होत असेल तर कृपा करून सांगा. मला तो व्हायला हवा आहे.

तुमची,
लिबेरा

---

१४ मार्च

प्रिय बाई,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिता की भिंत ओलाव्याने पोखरली होती, चित्र केव्हाही खाली आलं असतं, तुम्ही ते वाचवलंत. लिहिता की कला सगळ्या जगाची असते, एका काचघराची नसते. आणि लिहिता की मी अजून लहान आहे.

शेवटचं खरं असेल. बाकीच्याबद्दल मला बोलायचं आहे.

आपण दोघींनी मिळून ती भिंत ऐकली होती. तुम्हीच शिकवलंत, बोटाच्या पेरांनी ठोकायचं, कान लावायचा, आत पोकळ असेल तर भिंत आपणहून सांगते. तुम्ही डावीकडून सुरुवात केलीत, मी उजवीकडून, आणि तिच्या खांद्यापाशी आपण भेटलो. कुठेही पोकळ वाजली नाही. गिलाव्याचे थर एकावर एक, वरचा संगमरवराच्या भुकटीचा, हात लावला की थंड आणि गुळगुळीत. तुम्ही म्हणालात, "ही आपल्या दोघींपेक्षा जास्त जगेल." मी त्या संध्याकाळी जेवताना हे वाक्य घरात सगळ्यांना सांगितलं. बाबा म्हणाले, "भाडेकरीण भाग्यवान आहे. एकोणीसशे वर्षं राहिली, भाडं दिलं नाही, आणि आता डॉक्टरही फुकट."

तेव्हापासून घरात तिचं नाव भाडेकरीण पडलं. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला पोरकट वाटेल अशी भीती होती.

तुम्ही विसरला असाल म्हणून आठवण देते. पाण्याच्या टाकीसाठी खणताना कातेल्लोची कुदळ वेसुव्हिओ डोंगराने ओकलेल्या पांढऱ्या हलक्या खड्यांतून आरपार गेली आणि खाली तांबडं काहीतरी दिसलं. आमच्याकडे असं झालं की काय करतात, ते तुम्ही मिलानच्या असूनही जाणता. कातेल्लोच्या ओळखीचा एक माणूस होता, स्वित्झर्लंडला चोरून माल पोचवणारा. बाबांना वाटत होतं, दार बसवावं आणि जर्मन पर्यटकांना तिकीट लावून दाखवावं. आईचं म्हणणं होतं की आधी कोणीतरी त्या बाईचा उघडा खांदा झाकावा. मी म्हटलं, पुरातत्त्वाच्या सरकारी कचेरीत कळवायचं.

"कचेरीवाले आले की जमीन गेली," बाबा म्हणाले. "शेजारच्या पास्क्वारियेल्लोची गेली. तारेचं कुंपण घातलं, आणि आता आत बोकडं चरतात."

"माझ्या बाई येतील," मी म्हणाले. "त्या सांगतील तसं होईल. त्या भिंत जिथल्या तिथे ठेवणाऱ्यांतल्या आहेत. आयुष्यभर तेच शिकवत आल्या आहेत."

"लिहून देतील?"

"लिहून कशाला? शब्द देतील."

तुम्ही आलात. आईच्या हातचे भरलेले आर्टिचोक खाल्लेत, कृती विचारलीत. मग खाली उतरलात आणि भिंतीजवळ गेलात. ती वहाणेचा बंद बांधायला वाकलेली, आणि कोणीतरी हाक मारल्यासारखी मान वळवून बघणारी. तुम्ही बाबांना हाताला धरून तिच्यासमोर उभं केलंत. म्हणालात, "बघा सावेरियो, तिच्या गालावरचा उजेड डावीकडून येतो. आणि खोलीचं दार कुठे आहे? डावीकडे. चितारणाऱ्याने या दाराचा उजेड तिच्या अंगावर घातलाय. ती या दाराकडे बघते आहे. हिला इथून हलवली तर ती आंधळी होईल."

बाबांना कोणी शिकलेल्या माणसाने असं हाताला धरून काही दाखवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीत जाऊन स्वतः वर्दी दिली.

मी काल पुन्हा खाली गेले. कोरडा टिपकागद भिंतीला लावून सकाळपासून दुपारपर्यंत ठेवला. कोरडाच निघाला. तो या पाकिटात घातला आहे.

लिबेरा

---

९ एप्रिल

बाई,

तुम्ही टिपकागदाबद्दल काही लिहिलं नाहीत. त्याऐवजी प्रदर्शनाचं छापील निमंत्रण पाठवलंत. ते बाबांच्या हाती पडलं.

"जायचं," ते म्हणाले.

"बाबा, मिलान आहे ते."

"माहीत आहे कुठे आहे. मी तिथे फौजेत होतो. धुक्याशिवाय काही दिसलं नव्हतं. आता दिसेल."

ईस्टर झाल्यावर आम्ही गेलो. बाबांनी लग्नातला सूट घातला, आईने त्यांच्या खिशात कार्नेशन खोचलं, पांढरं. गाडीत ते सगळ्यांना सांगत होते की आम्ही नातेवाइकाला भेटायला चाललोय. समोरच्या बाईने विचारलं, "आजारी आहे का कोणी?" बाबा म्हणाले, "नाही, घर बदललंय."

तुम्ही तिला लाकडी फळीवर ताणून बसवलं आहे. स्वच्छ आहे, रंग वर आले आहेत, काम उत्तम आहे. हे मी मनापासून लिहिते, कारण मला काम कळतं आणि ते तुम्ही शिकवलंत. पण दिवे उजवीकडून आहेत. तिच्या गालावर चितारलेला उजेड एका बाजूचा आणि दिव्यांचा दुसऱ्या बाजूचा, त्यामुळे चेहरा सपाट दिसतो, पासपोर्टच्या फोटोसारखा. बाबा टोपी हातात घेऊन तिच्यासमोर उभे राहिले, मग तिची नजर जिकडे जाते तिकडे वळून पाहिलं.

"आग विझवायचं नळकांडं," ते म्हणाले. "त्याच्याकडे बघतेय."

पहारेकरी जवळ आला. "जरा मागे व्हा, महाशय."

"आम्ही ओळखतो एकमेकांना," बाबा म्हणाले.

"सगळेच असं म्हणतात."

खालच्या पाटीवर लिहिलं होतं: वेसुव्हिओच्या पायथ्याजवळील एका शेतघरातून, कोसळण्याच्या बेतात असताना वाचवलेले. बाबांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "कोसळत कोण होतं?"

तेवढ्यात तुम्ही मंडळींना घेऊन आत आलात. आम्ही खांबाच्या बाजूला सरकलो. तुम्ही त्यांना सांगत होतात की तिच्या गालावरचा उजेड पाहा, चितारणाऱ्याने खोलीच्या दाराचा उजेड तिच्या अंगावर घातला आहे. तेच शब्द, तोच थांबा, तसाच उचललेला हात. फक्त शेवटचं वाक्य गाळलंत.

मग तुम्हाला मी दिसले. तुम्ही हसलात, माझे गाल धरलेत, मंडळींना म्हणालात, "माझी हुशार विद्यार्थिनी, तिथलीच आहे." आणि बाबांकडे वळून हात पुढे केलात. "आणि आपण?"

बाई, तुम्ही त्यांच्या टेबलावर जेवला आहात. त्यांनी तुमची शिडी धरली आहे.

बाबा म्हणाले, "मी सरस गरम करणारा."

लोक हसले. त्यांना वाटलं, दक्षिणेकडच्या माणसाचा विनोद आहे. तुम्हीही हसलात. परतीच्या गाडीत बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. रोमच्या पुढे आल्यावर म्हणाले, "बाई काही वाईट नाहीत. त्यांना मी आठवलो नाही, एवढंच." मला वाटतं, हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलं. घरातली पहिली पदवी तुमच्या सहीची आहे. ती त्यांनी जेवणघरात चौकटीत लावली आहे, आणि तुम्ही वाईट ठरलात तर ती कुठे ठेवायची हा त्यांच्यापुढे प्रश्न असणार.

लिबेरा

---

२४ एप्रिल

बाई,

तर तुम्हालाही ठाऊक होतं.

ठाऊक असणारच. चित्र सोलून काढलं तरी रंग जितका खोल मुरला असेल तितका भिंतीत उरतो. फिकट, पण उरतो. तुम्ही हे वर्गात सांगितलं होतं आणि मी वहीत लिहूनही घेतलं होतं. पण आपल्या स्वतःच्या भिंतीकडे बघताना वहीतलं आठवत नाही. ते आईला दिसलं. खोलीत देव्हाऱ्यासारखा एक कोनाडा आहे, जुन्या लोकांच्या घरदेवांचा. आई तिथे मधूनमधून मदोन्ना मरियेची मेणबत्ती लावते. तुम्ही धुराबद्दल रागावला होतात, म्हणून ती आता चोरून लावते. एके दिवशी ती वर आली आणि म्हणाली, "लिबे, गेली कुठे ती? आहे की तिथेच. फक्त अशक्त झालीय."

मी धावत गेले. दारातून दुपारचं ऊन तिरकं येत होतं. वाकलेली पाठ, वळलेली मान, वहाणेचा बंद. रंग कमी, रेषा सगळ्या. गालावरचा उजेड बरोबर त्याच बाजूला. हे आम्हाला दिसलं ते मी तुम्हाला मुद्दाम कळवलं नव्हतं.

आता तुम्ही लिहिता की तो ठसाही काढायचा आहे. दुसऱ्यांदा सरस, दुसऱ्यांदा कापड. पहिलं चित्र आणि दुसरा ठसा शेजारी शेजारी टांगले तर अभ्यासकांना फार उपयोग होईल. बावीस मे, सोमवार. आणि या वेळी कापड ओढणारा हात माझा असेल. त्यानंतर तुमच्या कार्यशाळेत कायमची जागा.

मी हे खोटं सांगणार नाही की मला मोह झाला नाही. कापड किती ताणायचं, कोणत्या कोपऱ्यातून सोडवायचं, हे माझे हात विचार करू लागले होते. इथे आमच्या भागात शिकलेल्या मुलीला काय असतं, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच तुम्ही ही जागा पुढे केलीत.

मी पत्र जेवताना वाचून दाखवलं.

"घे," कातेल्लो म्हणाला. "ती तर गेलीच. सावलीसाठी काय रडायचं? मिलानमध्ये पगार, पेन्शन, आणि तिथे ऊन नाही म्हणजे गोरी पण होशील."

"तू गप्प बस," आई म्हणाली.

"का गप्प बसू? मी तो माणूस आणला असता तर चोर झालो असतो. यांनी नेलं तर प्रदर्शन. मग निदान आपली पोरगी तरी चोरांच्या बाजूला असू दे."

बाबा पाव मोडत होते. म्हणाले, "तिला विचार."

"कुणाला?"

"तुझ्या बहिणीला. आपण सगळेच तिच्या वतीने बोलतोय."

मला त्या क्षणी तुमचा राग आला नव्हता. मला एवढंच दिसत होतं की शिल्लक आहे ते शेवटचं आहे. तिसरा ठसा नसतो. या वेळी कापड निघालं की मागे नुसता चुना उरेल, आणि त्या खोलीत कोणी होतं हे फक्त आमच्या तोंडी राहील.

तुम्ही एकदा सांगितलं होतं की जुने रोमन चितारी ओल्या गिलाव्यावर काम करायचे, कारण वाळताना चुना रंगाला आपल्यात घेतो आणि मग भिंत आणि चित्र वेगळं राहत नाही. मी ते वाक्य खरं मानून बसले होते.

तुमच्या पत्राला उत्तर देण्याआधी मला कचेरीत जाऊन यायचं आहे.

लिबेरा

---

२० मे

श्रीमती ओत्ताविया लांद्रियानी यांस,

कचेरीत एक वयस्कर अधिकारी आहेत. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना तुमच्याशी पुढेही काम करायचं असेल. त्यांच्यासमोर मी उभी राहून सांगितलं की भिंत कोरडी होती आणि आहे, आणि हे मी, पदवीधर म्हणून, कोणी विचारलं तर कुठेही सांगेन. ते बराच वेळ चष्मा पुसत होते.

"पोरी," ते म्हणाले, "तुझ्या बाईंचं वजन तुला माहीत आहे ना?"

"आहे. त्यांनीच मला घडवलं."

"मग हे कशाला करतेस?"

"त्यांनी शिकवलं तेच करते आहे."

ते स्वतः खोली बघायला आले. त्यांनी भिंत ठोकली, डावीकडून उजवीकडे, शेवटपर्यंत, आणि शेवटी रुमालाने बोटं पुसली. मी विचारलं, छप्पर घालून मिळेल का, पहारा मिळेल का. ते म्हणाले, पैसे नाहीत, या वर्षीही नाहीत आणि पुढच्याही. मग मी विचारलं, छप्पर होईपर्यंत भिंत राखायचा कायदेशीर मार्ग कोणता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्यांना मजा वाटली. "एकच आहे," ते म्हणाले, "आणि तो डोंगराने आधीच करून दाखवलाय." खोली पुन्हा बुजवायची परवानगी त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिली. एकदा बुजवलेली जागा कचेरीच्या हुकुमाशिवाय कोणालाही उघडता येत नाही. तुम्हालाही नाही.

घरी सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त विरोध बाबांचा झाला. "म्हणजे आम्हालाही दिसणार नाही?"

"नाही."

"किती दिवस?"

"माहीत नाही बाबा. कदाचित तुम्हाला आणि मला कधीच नाही."

ते उठून काचघरात गेले. मी मागे गेले नाही. परत आले तेव्हा हातात चाळणी होती. म्हणाले, "भिंतीला लागून बारीक वाळू हवी ना? धारेचे खडे तिला टोचतील." तेव्हापासून त्यांनी त्या विषयावर वाद घातला नाही. चार घरांना पुरेल एवढी वाळू त्यांनी चाळली.

आम्ही काम नीट केलं. तुम्ही पाहिलं असतंत तर चूक काढता आली नसती. आधी मी भिंतीवरचा उरलासुरला सरस कोमट पाण्याने, कापसाने, जरा जरा करून काढला, नाहीतर त्याला बुरशी धरली असती. त्याला बरेच दिवस गेले, आणि त्या दिवसांत मी तिच्याजवळ जितकी होते तितकी आधी कधी नव्हते. तिच्या वहाणेच्या टाचेशी चितारणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा आहे. तो तुमच्या फळीवर गेला नाही, कारण तो रंगाचा नाही, गिलाव्यातच दबलेला आहे. तुमच्या कुठल्याही लेखात तो नाही. आता असणारही नाही.

मग भिंतीला लागून चाळलेली वाळू, हाताने दाबून. तिच्यापुढे डोंगराचे पांढरे खडे, कातेल्लोच्या तीनचाकीने आणलेले. शेजारपाजारचे आले. पास्क्वारियेल्लो आपली घमेली घेऊन आला आणि दिवसभर कचेरीला शिव्या देत राबला. आईने कोनाड्यात हात घालून बघितलं, काही राहिलं नाही ना म्हणून, आणि भाडेकरणीला म्हणाली, "थंडी वाजणार नाही आता." कातेल्लो म्हणाला, "एवढी माणसं आपल्या कोणाच्या मयताला येणार नाहीत." कोणी हसलं, कोणी नाही.

वाळू तिच्या गुडघ्यापर्यंत आली, मग वाकलेल्या पाठीपर्यंत. चेहरा राहिला तेव्हा सगळे थांबले. कोणी कोणाला सांगितलं नाही, तरी थांबले. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

तुमच्या कार्यशाळेतली जागा मी घेत नाही. इथल्या शाळेत चित्रकला शिकवायला शरद ऋतूपासून लागते आहे. मुलांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. तुम्ही शिकवलेलं बरंचसं सांगावं लागेल, कारण ते खरं आहे. तुम्ही ते मोडलंत म्हणून ते खोटं होत नाही. याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

सोमवारी येण्याची तसदी घेऊ नका. तुमच्या माणसांनाही सरस, कापड, शिड्या घेऊन पाठवू नका. खोली गुरुवारी दुपारी भरून झाली. शेवटचं घमेलं मी ओतलं.

लिबेरा सोर्रेन्तीनो